मध्येच संपणारी यादी

कर्जत स्थानकातून गाडी निघून गेली की शेवटच्या डब्यामागची ‘एल.व्ही.’ ही पाटी आपल्या नजरेस पडते. गाडी येथे संपली, एकही डबा वाटेत सुटलेला नाही, एवढेच ती सांगते. पण दोन गाड्या जोडून एक केली आणि पहिलीची पाटी मधल्या डब्यावर तशीच राहिली तर? पाहणारा गाडी तेथेच संपली असे समजेल. संगणकाच्या फायलींत असाच घोटाळा होतो.

गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली रचलेली सीपी/एम ही प्रणाली फायलीची लांबी १२८ बाइटांच्या तुकड्यांत मोजी. मजकूर ३०० बाइटांचा असला तरी त्याला तीन तुकडे, म्हणजे ३८४ बाइट लागत. मग खरा मजकूर कोठे संपला, हे कळावे कसे? त्यासाठी शेवटी २६ क्रमांकाचे एक अदृश्य चिन्ह घालीत. १९८१ साली आलेल्या डॉसला नेमकी लांबी ठाऊक असे. तरी जुन्या कार्यक्रमांसाठी ती चाल टिकली. युनिक्स मात्र असे चिन्ह मानीतच नाही. त्याच्या लेखी ते एक साधे अक्षर होय.

आता समजा, कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या जुन्या याद्या युनिक्सवर एकापुढे एक जोडल्या. कर्जतच्या यादीचे समाप्तिचिन्ह मध्येच राहिले. ती फाईल पुन्हा विंडोजवर नेली, तर तेथील काही कार्यक्रम आजही त्या चिन्हापाशी थांबतात. फायलीत सर्व नावे असतात, पण खालापूरचे एकही नाव वाचले जात नाही. तक्रार करावी, तर यंत्र चूकही दाखवीत नाही.

उपाय सोपा आहे. जोडण्यापूर्वी प्रत्येक यादीच्या शेवटचे ते चिन्ह काढावे. युनिक्सवरील ‘टीआर’ हे छोटे साधन तेवढ्यासाठी पुरते. मात्र हा उपाय केवळ मजकुराच्या फायलींनाच करावा. चित्राच्या फायलीत २६ हा आकडा चित्राचाच भाग असू शकतो. पीएनजी चित्राच्या आरंभीच्या आठ बाइटांत तर तो मुद्दाम सातवा ठेवलेला आहे. तो काढला की चित्र उघडत नाही.

म्हणून आम्ही इतकेच सुचवू: मूळ प्रत जपून ठेवावी, जोडण्यापूर्वी दोन्ही याद्यांतील नावे मोजावीत आणि जेथे यादी वापरायची तेथे ती पुन्हा मोजावीत. पाटीवर विसंबण्यापेक्षा डबे मोजलेले बरे.