पत्रिकेवरची नावं, मांडवातल्या पाट्या

जुनी मराठी लग्नपत्रिका ओळखायला तिच्यावरचं साल शोधावं लागत नाही. ‘आमचे येथें श्रीकृपेकरून’, ‘शरीरसंबंध करण्याचें योजिलें आहे’ अशी अनुस्वारांनी लगडलेली वाक्यंच तिचं वय सांगतात. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. शाळेच्या पुस्तकांतून ते लवकर नाहीसे झाले, पत्रिकांतून मात्र पुढे बरीच वर्षं रेंगाळले. कारण छापखान्याच्या रोजच्या कामात होतं. लग्नाच्या मजकुराची जुळणी तिथे सहसा मोडतच नसत.

माझं लहानपण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, वडिलांच्या छापखान्यात गेलं. पायाने चालवायची एक ट्रेडल, खिळ्यांच्या केसा आणि भिंतीला कालनिर्णय. ते 1973 पासून निघू लागलं, त्यामुळे छापखान्याचं हे चित्र मला साधारण त्या काळापासूनचं आठवतं. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू व्हायचे आणि ज्येष्ठ सरेपर्यंत छापखान्यात दुसरं काम फारसं नसायचं. लग्नाचा ठरीव मजकूर जुळवून, भोवती दोरा गुंडाळून गॅलीत तयार ठेवलेला असे. वर गणपतीचा जस्ताचा ब्लॉक, लाकडी ठोकळ्यावर चुका मारून बसवलेला. हजारो छापे काढून त्याची सोंड झिजली होती, तरी गिऱ्हाईक तोच मागायचं. पत्रिका आली की कंपोझिटर फक्त नावं, गाव, मिती आणि मुहूर्ताची मिनिटं बदलायचे. उलटी अक्षरं बोटांनी चाचपून ते आपल्या वाचण्याच्या वेगाने जुळवत. वैशाखात एकाच दिवसाची चार-पाच लग्नं आली की ‘सौ’ आणि ‘श्री’चे खिळे संपायचे. मग एसटी स्टँडजवळच्या दुसऱ्या छापखान्यातून ते रुमालात बांधून उसने आणायचे आणि काम संपलं की पुसून परत द्यायचे.

महाराष्ट्रभर पत्रिकेची भाषा इतकी एकसारखी का होती, याचं एक उत्तर मला त्या गॅलीत दिसतं. परंपरा होतीच, पण बांधून ठेवलेला मजकूर स्वस्त पडायचा हेही खरं. ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’पासून ‘सहकुटुंब सहपरिवार’पर्यंतचा मजकूर फुकट, नवीन ओळीला मात्र मजुरी. दोन रंग हवे असतील तर कागद यंत्रातून दोनदा काढावा लागे, म्हणून बहुतेक पत्रिका एका लाल शाईत निघत. पिवळा किंवा गुलाबी कागद, चारही कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं, पहिली पत्रिका देवापुढे, दुसरी कुलदैवताला. बाकीच्या पाकिटाची जीभ न चिकटवता आत खोचून बुक-पोस्टने जायच्या.

या ठरीव मजकुराला पहिला धक्का कुठल्या सजावटीने दिला नाही. 25 डिसेंबर 1873 रोजी सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, तेव्हाच भटजी आणि मुहूर्त यांच्यावाचून लग्न लागू शकतं हे महाराष्ट्राने पाहिलं होतं. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर ते घराघरांत पोचलं. आमच्याकडे बौद्ध कुटुंबातली पत्रिका आली की दोऱ्यात बांधलेला मजकूर कामाला येत नसे. ‘शुभविवाह’ऐवजी ‘मंगल परिणय’, गणपतीऐवजी भगवान बुद्ध आणि बाबासाहेब, मिनिटांच्या मुहूर्ताऐवजी पाहुण्यांना सोयीची वेळ. वडिलांनी पुण्याहून दोन नवे ब्लॉक करून आणले आणि पहिल्या ओळीपासून सगळी जुळणी नव्याने केली. पत्रिकेचा शब्द न् शब्द निवडता येतो, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. पुढे ‘जय जिजाऊ’ने सुरू होणाऱ्या आणि वर शिवरायांचं चित्र असलेल्या पत्रिका आल्या, नोंदणी विवाहाच्या चार ओळींच्या पत्रिका आल्या. मला त्या सगळ्या मोलाच्या वाटतात, कारण त्या घरांनी आपल्याला काय म्हणायचं आहे ते आधी ठरवलं होतं.

नावांची गोष्ट याहून अवघड. खेड्यातली पत्रिका हा भावकीचा दस्तऐवज असतो. निमंत्रक, संयोजक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, प्रमुख उपस्थिती. एक चुलता राहिला तर तो मांडवात पाऊल टाकत नाही, म्हणून शेवटी ‘समस्त परिवार’ घालायचा आणि तळाला ‘नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास हीच आगत्याची पत्रिका समजावी’ असं छापायचं. सगळ्यात खाली मुलांची ओळ, आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं. एवढ्या गर्दीत नवऱ्यामुलीची आई कुठे असायची? वडील असले तर ‘सौ. व श्री.’मधल्या ‘सौ.’पुरती. वडील नसले तर ‘कै.’ लावून त्यांचं नाव यायचं, निमंत्रण चुलता किंवा मामा करायचा, आणि जिने एकटीने मुलगी वाढवली तिचं नाव फार तर ‘गं. भा.’ लावून एका कोपऱ्यात.

अशाच एक बाई एका उन्हाळ्यात दिराबरोबर प्रूफ बघायला आल्या होत्या. दीर बाहेर सायकलला कुलूप लावत होते तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, “भाऊ, बोलावणाऱ्यांत माझं नाव येत नाही का हो?” वडिलांनी दिरांना आत बोलावलं आणि त्यांच्यादेखतच सांगितलं, “तुमचं नाव आहे तसंच राहील, वर वहिनींचं घालतो.” दीर क्षणभर थांबले आणि “घाला” म्हणाले. नाव सोळा पॉइंटात जुळलं, मागे कसलाही उपसर्ग न लावता. पत्रिका वाटल्या गेल्या, कुणी परत आणून टाकली नाही.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला त्या बाई आठवल्या. पुढच्याच वर्षी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’, म्हणजे तोच ‘गं. भा.’, हा शब्द वापरावा अशी सूचना मंत्र्यांकडून आली आणि तिला ठिकठिकाणी विरोध झाला. तो विरोध योग्यच होता. नवरा हयात आहे की नाही हे पत्रिकेने जगाला सांगण्याचं काहीच कारण नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचं, हा नियम आता महाराष्ट्रात आहे. जन्मदाखल्यावर जे चालतं ते लग्नपत्रिकेवर चालवायला कुणाची हरकत असू नये.

ऐंशीच्या दशकात स्क्रीन प्रिंटिंग आलं आणि सगळा व्यवहारच उलटा झाला. तोवर गिऱ्हाईक मजकूर घेऊन यायचं आणि कागद आम्ही सुचवायचो. आता मुंबईहून, शिवकाशीहून तयार कार्डं येऊ लागली. मखमल, सोनेरी उठाव, कापलेल्या खिडकीतून दिसणारा कलश. मुंबईत गिरगावच्या खाडिलकर रोडवर अशा कार्डांच्या दुकानांची रांगच आहे. माणसं अल्बम चाळत दुपार घालवायची, क्रमांक ठरवायची आणि उठता उठता म्हणायची, “मजकूर तुमचा नेहमीचाच घाला.” कार्ड अधिकाधिक महाग होत गेलं आणि त्याच्या आतल्या शब्दांकडे बघणारं कुणी राहिलं नाही. नव्वदीत डीटीपी आलं. श्रीलिपीचे फाँट, कोरल ड्रॉ, दहा मिनिटांत पान तयार. जुन्या कंपोझिटरला ऱ्हस्व-दीर्घ हाताला पाठ होतं, कारण दोन वेलांट्या दोन वेगळ्या खणांत असत. कळफलकावर ती सवय कुणाला लागली नाही. तेव्हापासून ‘आशिर्वाद’, ‘सहकुटूंब’ आणि ‘स्नेहांकीत’ पत्रिकेतून पत्रिकेत जात राहिले. आशीर्वादातली ‘शी’ दीर्घ असते. तीनशे रुपयांच्या कार्डावर ती ऱ्हस्व दिसली की माझा जीव आजही खालीवर होतो.

मांडवातल्या पाट्यांचा प्रवास याला समांतर झाला. आमच्या गावच्या कार्यालयात दाराशी एक काळा फळा असायचा, त्यावर खडूने दोन आडनावं आणि खाली ‘वधूपक्ष तळमजला, वरपक्ष वरचा मजला’. कमानीवरचं ‘सुस्वागतम्’चं कापड गावचे पेंटर रंगवायचे. त्यांच्या ‘स’चा फुगीर डौल मला अजून कुठेही ओळखू येईल. पुढे थर्माकोलची अक्षरं आली. तापलेल्या तारेने कापून, कडेने जरी चिकटवून, मखमली पडद्यावर टाचणीने टोचलेली. मार्च 2018 मध्ये राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली तेव्हा ती थांबली, पण त्याआधीच फ्लेक्सने पेंटरांचं काम नेलं होतं. फ्लेक्सवर नवरानवरीपेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे मोठे असत. तो काळ मला मराठी लग्नांच्या सजावटीतला सगळ्यात वाईट काळ वाटतो.

आजचं मांडवाचं दार त्यापेक्षा नक्कीच सुंदर आहे. तिकाटण्यावर आरसा, आरशावर पांढऱ्या वळणदार अक्षरांत दोघांची नावं, खाली शेवंती. कमल शेडगे आणि अच्युत पालव यांच्यासारख्यांनी देवनागरी अक्षराकडे बघायची नजर दिली. ती शिकलेली मुलं आता लग्नांची कामं करतात, काही जोडपी तर नावं मोडीतही लिहून घेतात. पुण्याच्या शिवाजीनगरात 1940 साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा कागद वापरणारेही आहेत. हे सगळं मनापासून आवडतं. पण त्याच दारावरची स्वागताची ओळ बहुतेक वेळा इंग्रजीत असते आणि तिच्यासमोर आजी थांबून नातवाला विचारते, “काय लिहिलंय रे?” ज्या बाईच्या आशीर्वादासाठी सगळा घाट घातला, तिला पहिलीच पाटी वाचता येऊ नये, हे मला पटत नाही. आणि ज्या पाट्या खरोखर लागतात त्याच नसतात. हात कुठे धुवायचे, स्वच्छतागृह कुठे, लिफ्ट कुठल्या बाजूला, पायऱ्या न चढता जेवायला कुठून जायचं, उपासाचं ताट कुठे. चपला कुठे काढायच्या हेसुद्धा आता गर्दीच्या मागे जाऊन शोधावं लागतं. जुन्या कार्यालयांत या पाट्या पत्र्यावर कायमच्या रंगवलेल्या असत. लॉनवरच्या लग्नात त्या दर वेळी नव्याने कराव्या लागतात आणि सजावटीच्या यादीत त्यांना ओळच नसते.

मग 2020 आलं. लग्नाला आधी पन्नास माणसं, एप्रिल 2021 च्या आदेशात पंचवीस आणि सगळा सोहळा दोन तासांत. पंचवीस माणसांसाठी पत्रिका कोण छापणार? तो हंगाम पुष्कळ छोट्या छापखान्यांचा शेवटचा ठरला. आमचा त्याआधीच बंद झाला होता. टाळेबंदी उठली, लग्नं पुन्हा हजारांची झाली, पण आमंत्रण मोबाईलवरच राहिलं. गाणं वाजणारी चित्रफीत, खाली नकाशाची खूण. कार्यालय शोधत फिरणं संपलं, हे चांगलंच झालं. त्याच वाटेने चोरही आले. 2024 च्या अखेरीस हिमाचल प्रदेश पोलिसांनी लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या एपीके फाइलींबद्दल लोकांना सावध केलं. तशी फाइल उघडली की फोनमधली माहिती चोरांच्या हाती जाते. अनोळखी क्रमांकावरून आलेली पत्रिका उघडू नये, अशी वेळ येईल असं कुणाला वाटलं असेल!

मोबाईलवरच्या या आमंत्रणांत एक उणीव मला वारंवार दिसते. वार असतो, तारीख असते, पण साल नसतं. जुन्या पत्रिकेत शके, मिती, इंग्रजी तारीख, वार आणि मुहूर्ताची मिनिटं असे पाच पुरावे एका ओळीत सापडायचे. 1998 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार लग्नाची नोंदणी करायला गेलं की कार्यालयात लग्नाची पत्रिका आजही मागतात, आणि ती नसेल तर प्रतिज्ञापत्रासाठी हेलपाटा पडतो.

तेव्हा यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना माझं सांगणं आहे. बोलावणं खुशाल मोबाईलवर करा, पण पन्नास प्रती तरी कागदावर छापा. त्यांच्यावर सालासकट तारीख घाला आणि दोन्ही आयांची नावं घाला, कुठलाही उपसर्ग न लावता. अल्बम उघडण्याआधी मजकूर स्वतः लिहा. छपाईला देण्यापूर्वी प्रूफ दोन्ही घरांतल्या एकेका जाणत्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि दारावरची पाटी मराठीत करा.