लवादाच्या कलमापुढे ग्राहक

वाद झाल्यास लवाद, तो कंपनी नेमणार, सुनावणी कंपनीच्या शहरात. फ्लॅटच्या किंवा कर्जाच्या छापील करारात हे कलम बहुधा शेवटच्या पानांत सापडतं. सही करणाऱ्याला त्यातला एक शब्दही बदलून मिळत नाही. अशा सहीने ग्राहकाने दाद मागण्याचा हक्कच सोडला, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गेल्या तीस वर्षांत मानलेलं नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याला आधार 1986च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या कलम 3चा. हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, असं ते सांगत होतं. त्यावरूनच 1996मध्ये फेअर एअर इंजिनिअर्सच्या प्रकरणात ठरलं, की करारात लवाद असला तरी ग्राहक मंच तक्रार ऐकू शकतो. 2012मध्ये आंध्रातले शेतकरी सदोष बियाण्याची भरपाई मागत होते आणि नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन त्यांना लवादाकडे जा म्हणत होतं. कुठे जायचं ते शेतकरी ठरवतील, असं न्यायालयाने सांगितलं.

खरी कसोटी लागली ती 2015च्या दुरुस्तीनंतर. सर्वोच्च न्यायालयाचा कोणताही निकाल असला, तरी वैध लवाद करार दिसताच प्रकरण लवादाकडे पाठवावं, असं लवाद कायद्याच्या कलम 8मध्ये आलं. शब्द कंपन्यांच्या बाजूचे होते, हे मान्यच करायला हवं. मोहालीतल्या एका व्हिलाच्या तक्रारीत एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीने त्यांवरच भिस्त ठेवली. जुलै 2017मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तो युक्तिवाद फेटाळला, फेब्रुवारी 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयात कंपनीचं अपीलही फेटाळलं गेलं. मग 10 डिसेंबर 2018 रोजी न्या. उदय ललित आणि न्या. अशोक भूषण यांनी फेरविचार याचिका सविस्तर कारणं देऊन नाकारली: या दुरुस्तीने ग्राहकाला खास कायद्याने दिलेला जादा उपाय काढून घेतलेला नाही. 2019च्या नव्या कायद्यात जुनं कलम 3 कलम 100 म्हणून कायम राहिलं.

हे संरक्षण तक्रार घेऊन जाणाऱ्याला मिळतं. हप्ते थकले की वित्त कंपनी स्वतःच लवाद सुरू करते, तेव्हा कर्जदाराच्या हाती ही निवड उरत नाही. निकालात हितसंबंध असलेल्या पक्षाला एकट्याने एकमेव लवाद नेमता येत नाही, हे 2019च्या पर्किन्स ईस्टमन निकालाने स्पष्ट केलंय. तरीही परगावच्या लवादाची इंग्रजी नोटीस पाहून कर्जदार गप्प बसतो आणि एकतर्फी निवाडा होतो. त्या नोटिशीच्या पहिल्याच उत्तरात नेमणुकीवर लेखी हरकत घ्यायला हवी.