पावलांतून शिरणारा ताप

दूषित पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो पाण्याचा पेला. कॉलरा, टायफॉइड, गॅस्ट्रो, कावीळ ही सगळी तोंडावाटे येणारी दुखणी. पाणी उकळा, गाळा, क्लोरीनचे थेंब टाका, हे आता घरोघरी पाठ आहे. लेप्टोस्पायरोसिसपुढे मात्र या शहाणपणाचा फारसा उपयोग नाही. त्या पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी पुरतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. लाखो मुंबईकर कमरेएवढ्या पाण्यातून घर गाठत होते. पाणी ओसरल्यावर तापाचे रुग्ण वाढले आणि ‘लेप्टो’ हे नाव चाळीचाळीत पोचलं.

याचा जंतू पिळदार, स्प्रिंगसारखा. उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात तो सुखाने राहतो, त्यांना फारसा त्रास देत नाही आणि त्यांच्या लघवीतून बाहेर पडत राहतो. गुरं, डुकरं, कुत्री यांच्याकडूनही तो येऊ शकतो. ऊन आणि कोरडेपणा त्याला सोसत नाही. पण साचलेल्या गोड्या पाण्यात, ओल्या मातीत तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. आपल्याला खरचटलेलं असलं की त्याला वाट मिळते.

ही वाट नीट पाहायची तर सिंधुदुर्गातल्या भातलावणीला जावं. सकाळपासून तरवा काढायचा, चिखलणी झालेल्या शेतात वाकून लावायचा. पाय दिवसभर पाण्यात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलवटते, टाचांच्या भेगा उघडतात. बांधात उंदरांची बिळं असतातच. गमबूट घाला, असं सांगणाऱ्याने एकदा ते घालून चिखलात दहा पावलं टाकून पाहावीत! बूट रुततो, पाय तेवढा वर येतो. म्हणून जोखमीच्या गावांत आरोग्य कर्मचारी लावणीच्या दिवसांत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, आणि माझ्या मते बुटांपेक्षा हा मार्ग अधिक व्यवहारी आहे.

जंतू शिरल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांत थंडी वाजून ताप येतो. डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. डोळे लाल होतात, पण चिपडं येत नाहीत. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. ‘भिजलो होतो, म्हणून ताप’ असं म्हणत माणूस अंगावर काढतो आणि नेमके उपचाराचे चांगले दिवस निघून जातात. बहुतेक जण बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंडं बंद पडून डायलिसिसची पाळी येते. फुप्फुसात रक्तस्राव झाला, तर हाताशी फार थोडा वेळ उरतो. कावीळ आणि मूत्रपिंडाच्या बिघाडासह येणाऱ्या या रूपाचं वर्णन जर्मन वैद्य आडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये केलं होतं. जंतू सापडायला मात्र १९१५ उजाडलं, तेही जपानात.

रक्ताची नेहमीची अँटिबॉडी तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत बऱ्याचदा निगेटिव्ह येते. त्यामुळे जाणते डॉक्टर अहवालासाठी थांबत नाहीत. डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन ही जुनी आणि स्वस्त औषधं वेळेत दिली तर काम करतात. ती कधी सुरू करायची, हे ठरायला डॉक्टरला एक गोष्ट कळावी लागते: मागच्या पंधरवड्यात रुग्ण साचल्या पाण्यात किंवा शेतात उतरला होता का. त्यांनी विचारलं नाही, तर आपण होऊन सांगावं.