कागदी रणगाडा
कागदी रणगाड्यांसाठी १:२५ हे प्रमाण रूढ आहे. १९७१च्या युद्धात भारतीय सेनेने वापरलेल्या टी-५५चे सुमारे साडेसहा मीटर लांबीचे धड त्यात २६ सेंटिमीटरचे होते. आधी जाड पुठ्ठ्याचा, खाचांत बसणारा सांगाडा. मग त्यावर छापील कागदाचे कवच. तोफेची नळी कागदाच्या तंतूंना समांतर ठेवूनच गुंडाळतात, नाहीतर सुरकुत्या पडतात. पहिल्या आणि दुसऱ्या चाकांमधली मोठी फट ही टी-५५ची खूण. ती चुकली तर प्रतिकृती फसलीच. असे बारकावे टिपायला अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय उत्तम. रत्नागिरीच्या दमट हवेत तंतू पाणी शोषून फुगतात, कवच वाकते. म्हणून पाणीदार खळ टाळून फेव्हिकॉल टाचणीच्या टोकाने लावतात आणि जोडणीनंतर वॉर्निशचा पातळ हात देतात.