ढिगाच्या आत हात घाला!
मोबाइलवर येणारे बनावट कागद व्यापाऱ्याने कसे ओळखावेत?

चाटी गल्लीत पूर्वी चेक आला की मुनीम तो उजेडात धरून पाहत असे. आज पैसे दिल्याची पावती, जीएसटीचे बिल, ऑर्डर हे सारे मोबाइलवर येते. उजेडात धरायला हातात कागदच नसतो. त्यामुळे तपासण्याची आपली जुनी सवय सुटली आणि दगाबाजाचे काम सोपे झाले.

आमच्यावर बेतलेला प्रसंग सांगतो. परगावच्या एका पार्टीने टॉवेलच्या ऑर्डरपोटी आरटीजीएसची पावती मोबाइलवर पाठवली. बँकेचे चिन्ह, रक्कम, युटीआर क्रमांक, सगळे जागच्या जागी. दुसरा शनिवार होता. "बँक बंद आहे, सोमवारी जमा दिसेल," असे पार्टीने फोनवर सांगितले. टेम्पो भरून उभा होता, आम्ही माल सोडला. सोमवारी खात्यात एक पैसाही नव्हता. जुन्या पावतीवरची रक्कम आणि तारीख बदलून ती आम्हाला पाठवली होती. माल आमचा होता, पण त्यात विणकर भावांची मजुरी अडकली होती. ती आम्हाला घरातून भरावी लागली.

चूक आमचीच होती. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून सुट्टीच्या दिवशीही चोवीस तास चालते. "बँक बंद आहे" ही सबब तेव्हापासून संपली आहे, हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते.

वरून कोरडे, आतून ओले

हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ढीग वरून कोरडा होता, ओले धान्य खाली दडवले होते. नुसते वरून पाहून भागत नाही, हा व्यापाऱ्यासाठी त्यातला धडा आहे.

हाच धडा महाराष्ट्राला तेलगी प्रकरणाने दिला. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा अब्दुल करीम तेलगी बनावट मुद्रांक विकत होता. त्याला २००१ साली अटक झाली आणि २००७ साली पुण्याच्या विशेष न्यायालयाने ३० वर्षांची सक्तमजुरी सुनावली. नाव आपल्यातले म्हणून आपली मान खाली गेली. पण त्याचे कागद इतके हुबेहूब होते की घेणाऱ्याला डोळ्यांनी फरक कळत नसे. त्यावरून एकच गोष्ट शिकावी : कागद खरा की खोटा हे कागदाला विचारू नका, तो जिथून निघाला तिथे विचारा.

मुळाशी कसे विचारावे?

पैशाची पावती : फोटोवर किंवा मेसेजवर भरवसा ठेवू नका, मेसेजही बनावट येतात. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात रक्कम जमा दिसली तरच माल सोडा.

जीएसटी क्रमांक : तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे पॅनची. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की पेढीचे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे विनामूल्य कळते.

बिल : ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, त्यांनी व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसचा क्यूआर कोड लागतो. सरकारच्या पडताळणी ॲपने तो वाचला की विकणाऱ्याचा व घेणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि रक्कम दिसते. छापील रक्कम आणि कोडमधली रक्कम जुळली नाही, तर बिलात फेरफार आहे असे समजा. बिल दर महिन्याच्या २बी विवरणात आले की नाही तेही पाहा. नाही आले तर कराची वजावट मिळत नाही आणि भुर्दंड आपल्यावरच बसतो.

मुद्रांक शुल्काचे ई-चलन : त्यावरील जीआरएन क्रमांक शासनाच्या ग्रास संकेतस्थळावर तपासता येतो. चलन एकदा वापरले की ते तिथे 'डिफेस' होते. एकाच चलनाच्या दोन प्रती काढून दोघांना गंडवण्याचा प्रकार तिथेच उघडा पडतो.

सहीची पीडीएफ : डिजिटल सही केल्यानंतर फाइलमधला एक आकडा जरी बदलला, तरी ती सही तुटते. ताण्यातला एक धागा चुकला की चादरीची नक्षी बिघडते, तसेच हे आहे. मात्र तपासणी संगणकावर मूळ फाइल उघडूनच करावी. छापील प्रतीवरची हिरवी खूण म्हणजे नुसते चित्र, ते कोणीही चिकटवू शकतो.

फसवणूक झालीच तर

ताबडतोब १९३० वर फोन करा. घाबरून किंवा लाजेने मेसेज पुसू नका. मूळ फाइल आणि मोबाइल जपून ठेवा. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की मूळ यंत्र हजर न करता इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची असेल, तर त्यासोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही अट आहे. त्यामुळे वकिलाचा सल्ला लवकर घ्यावा.

आपल्या दुकानातही पाहा

शेवटी एक कडू गोष्ट. माल न देता बिल फाडणे, कर्जासाठी जुन्या बिलाची तारीख बदलणे, याला आपल्यातले काही जण 'ॲडजस्टमेंट' म्हणतात. कायद्यात ही बनावटगिरी आहे आणि शरीयतमध्ये धोका. देण्याघेण्याचा व्यवहार नीट लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, हा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे आणि ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. आपला ढीग आधी आतून कोरडा असावा, मगच दुसऱ्याच्या ढिगात हात घालण्याचा हक्क आपल्याला पोहोचतो.