कामाच्या दिवसातला रक्तदाब कसा मोजावा?

१४ एप्रिलला किंवा वर्षावासात विहारात आरोग्य शिबिर भरते, तेव्हा बी.पी. तपासायला रांग लागते. डॉक्टर "नॉर्मल आहे" म्हणतात आणि आपण निश्चिंत होऊन घरी येतो. पण ती तपासणी सुटीच्या दिवशी, आपल्या माणसांत, निवांत बसून झालेली असते. सोमवारी आर्वीहून वर्ध्याची बस गाठताना, कार्यालयात साहेबांसमोर उभे राहताना, किंवा हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये हंगामात जादा पाळी करताना आपला आकडा किती असतो? बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाच नसतो.

आधी आकडे समजून घेऊ. हृदय आकुंचन पावताना रक्तवाहिन्यांवर येणारा दाब म्हणजे वरचा आकडा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल होते तेव्हाचा दाब म्हणजे खालचा आकडा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. स्वतः मोजताना ही रेषा थोडी खाली धरतात. सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

ताण आला की शरीरात ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये सुटतात. हृदय जोरात धडधडते, रक्तवाहिन्या आक्रसतात आणि दाब वाढतो. थोड्या वेळाने तो आपोआप उतरतो. म्हणून एखाद्या भांडणानंतर आकडा वाढलेला दिसला, तर लगेच रोग जडला असे नाही. पण मार्चअखेरची कामे, अपुरी माणसे, वरिष्ठांची बोलणी, कधी जातीवरून मारलेला टोमणा आणि तो गिळून पुन्हा कामाला लागणे, हे रोजचेच झाले तर दाब तासन् तास चढलेला राहू शकतो. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून तो कळतही नाही. वर्षानुवर्षे असे चालले, तर मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळे यांना इजा होते.

काही जणांचा दाब दवाखान्यात भीतीने वाढतो आणि घरी बरोबर असतो. काहींचे याच्या उलट असते. दवाखान्यात आकडा चांगला आणि कामावर वाढलेला. याला छुपा उच्च रक्तदाब म्हणतात. हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण "नॉर्मल" ऐकून माणूस पुढे तपासतच नाही.

तो पकडण्याचा सोपा मार्ग म्हणजे सात दिवसांची वही. दंडाला पट्टा बांधण्याचे डिजिटल यंत्र वापरा. मनगटाची यंत्रे सहज चुकतात. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, घट्ट पट्ट्याने आकडा खोटाच जास्त येतो. यंत्र एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहा. दोन-तीन घरांनी मिळून एक यंत्र घेतले तरी चालते, मात्र प्रत्येकाची वही वेगळी ठेवा.

दिवसातून चार वेळा मोजा. सकाळी उठून लघवी करून आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी. कामावर साधारण साडेअकराला. दुपारी चारला. आणि रात्री झोपण्यापूर्वी. प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. त्या सात दिवसांत एक सुटीचा दिवस येऊ द्या. पहिल्या दिवशी हात बसलेला नसतो, त्यामुळे त्या दिवसाचे आकडे सरासरीत धरू नका.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू आणि खर्रा बंद. खर्ऱ्यातल्या तंबाखूने दाब वाढतो, ही गोष्ट आपल्या भागात विशेष लक्षात ठेवायला हवी. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे बसा. पायावर पाय नको, बोलणे नको, मोबाईल नको. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला ठेवा. बाही वर सारून पट्टा उघड्या दंडावर बांधा. वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे, नाडी आणि एक छोटा शेरा लिहा: "रात्रपाळी", "झोप चार तास", "बैठकीत वाद".

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पंचायत समितीत काम करणाऱ्या एका ताईंच्या वहीत असे आकडे आहेत. सकाळी १२६/८०, साडेअकराला १४८/९४, चारला १४४/९२, रात्री १२८/८२. रविवारी साडेअकराला मात्र १२४/७८. सकाळी घरी किंवा सुटीच्या दिवशी शिबिरात तपासले, तर या ताईंना कोणीही "ठीक आहे" म्हणेल. पण कामाच्या दिवसाची सरासरी काढली, तर ती १३६/८७ च्या आसपास येते, म्हणजे रेषेच्या वर. आठवडाभर हेच दिसले, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जायलाच हवे. गरज वाटल्यास डॉक्टर चोवीस तास दंडाला बांधून ठेवायच्या यंत्राची तपासणी सुचवतात. ते यंत्र झोपेतही दाब मोजते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचे विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय इथे त्याची चौकशी करता येईल.

वहीमुळे होणाऱ्या दोन चुकाही टाळा. एक आकडा वाढला म्हणून जादा गोळी घेऊ नका आणि चार दिवस आकडे चांगले आले म्हणून गोळी सोडू नका. ते चांगले आकडे गोळीमुळेच आलेले असू शकतात. तसेच दर तासाला मोजत बसू नका, त्या काळजीनेही दाब वाढतो.

२०१७ साली सुरू झालेल्या देशपातळीवरील उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा यांच्यासोबत आपला वर्धा जिल्हाही होता. सरकारी आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी आणि रक्तदाबाच्या गोळ्या मोफत आहेत. त्या मागायला संकोच नको. मीठ दिवसाला एक चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत ठेवा. लोणचे, पापड, शेव, ठेचा यांतले मीठही त्यातच मोजा.

दाब १८०/१२० च्या वर गेला असेल, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तितकाच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले, तर आकड्याची वाट न पाहता लगेच १०८ ला फोन करा.

बाबासाहेबांनी मधुमेह, रक्तदाब आणि पायांच्या वेदना सोसत संविधानाचे काम केले. त्याआधी मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणण्याचे विधेयक त्यांनीच मांडले होते. कामगाराच्या शरीराला किती सोसते, याची जाणीव त्यामागे होती. आपल्या शरीराला किती सोसावे लागते आहे, ते आपण निदान सात दिवस लिहून पाहू. येत्या सोमवारी वहीचे पहिले पान उघडा.