नाव बदलून निघणारं पत्र

मांजरसुंब्याच्या फाट्यावर धुळे-सोलापूर रस्त्याला नगर-अंबाजोगाईचा रस्ता मिळतो. इथून जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. त्यांच्या ‘परमरहस्या’च्या पारायणात एक जण ओवी वाचतो आणि बाकीचे ऐकतात. हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राजवट कोसळली, बंद्या उठल्या. मग छापील शब्दाला मोकळीक मिळाल्यावर पत्रं कशी घडली? माझं उत्तर असं, की कायदा फक्त दार उघडतो. आत कोण येणार आणि काय बोलणार, हे त्या समाजाच्या वाचण्या-ऐकण्याच्या जुन्या सवयी ठरवतात.

हा प्रश्न आज पूर्व युरोपाच्या संदर्भात जास्त विचारला जातो. १९८९पासून तिथल्या साम्यवादी राजवटी एकापाठोपाठ एक गेल्या, पण माध्यमांची घडी प्रत्येक देशात वेगळी बसली. पोलंडमध्ये भूमिगत पत्रकांची आणि चर्चची परंपरा दांडगी होती. तिथे ८ मे १९८९ला आदाम मिखनिक यांच्या संपादकत्वाखाली ‘गझेटा विबोर्चा’ निघालं, आणि दोनच वर्षांनी कडव्या कॅथलिकांचं ‘रेडिओ मारिया’. हंगेरीत २०१८मध्ये चारशेहून अधिक माध्यमं सरकारच्या मर्जीतल्या एकाच प्रतिष्ठानाखाली गेली. पण तुलना दोन देशांची असली की इतिहास, अर्थव्यवस्था, शेजारी असं सगळंच वेगळं निघतं, आणि संस्कृतीचा वाटा नेमका किती, हे हाती लागत नाही.

हैदराबादचं मोल इथे आहे. राजा एक, फर्मानं एक आणि राजवट संपण्याची तारीखही एक. भाषा मात्र वेगवेगळ्या. सभेला आधी परवानगी मागायला लावणारी ‘गश्ती निशान ५३’ मराठी कार्यकर्त्याला जशी लागू होती, तशीच तेलुगू कार्यकर्त्यालाही. तरी पत्रं तीन तऱ्हांची झाली. तेलुगूत सुरवरम प्रतापरेड्डींनी १९२६मध्ये ‘गोलकोंडा पत्रिका’ काढली. तेलंगणात कवीच नाहीत, असं कुणी म्हटल्यावर त्यांनी साडेतीनशेहून अधिक कवींचा संग्रहच छापून उत्तर दिलं. आपली भाषा जिवंत आहे हे सिद्ध करणं हेच तिथे राजकारण होतं. उर्दू ही दरबाराची, कचेरीची आणि १९१८पासून उस्मानिया विद्यापीठाची भाषा. १९४८नंतर तिचा सरकारी आधार गेला, आणि १५ ऑगस्ट १९४९ला आबिद अली खान यांनी सुरू केलेलं ‘सियासत’ सत्ता गमावलेल्या समाजाला धरून ठेवणारं पत्र बनलं. म्हणून उर्दू म्हणजे निजामाची बाजू, असं मात्र कुणी समजू नये. भारतात विलीन व्हा, असं ‘इमरोज’मधून उर्दूतच लिहिणारे शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८मध्ये मारले गेले, आणि मारेकऱ्यांनी त्यांचा लिहिता हात तोडला.

मराठी पत्र आणखी निराळं. आ. कृ. वाघमाऱ्यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली की तेच पत्र दुसऱ्या नावाने निघे. वरचं शीर्षक बदलायचं, आतला आवाज तोच. हे चाललं, कारण वाचक नावावर नव्हे, आवाजावर विसंबून होता. त्याला तयार केलं होतं अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या राष्ट्रीय शाळांनी, वाचनालयांनी, १९३७पासून महाराष्ट्र परिषदेने, आणि त्याच्याही आधी कीर्तनाने. साक्षर थोडे, त्यामुळे पारावर एकाने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं. ऐकण्यासाठी लिहिलेल्या मजकुरात बातमीपेक्षा निरूपण मोठं होतं. पुढे अनंत भालेरावांचा दैनिक ‘मराठवाडा’ लोक अग्रलेखासाठी घेत. संपादक हा चळवळीतला, तुरुंग पाहिलेला माणूस असणार, हे वाचकाने गृहीत धरलेलं होतं. आणीबाणीत भालेराव पुन्हा तुरुंगात गेले तेव्हा ते गृहीतक खरं ठरलं.

यावर आक्षेप येईल की ही सारी पैशाची आणि मालकीची गोष्ट आहे, संस्कृतीचं नाव उगाच कशाला? १९८२मध्ये ‘लोकमत’ औरंगाबादेत आला, मोठं भांडवल आलं, गावोगावच्या बातम्या आल्या आणि ‘मराठवाडा’ पुढे बंद पडला, हे खरंच. पण भांडवल सगळीकडे सारखंच धावतं. ते काय विकतं, हे गिऱ्हाईक ठरवतं. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. निजामशाही ही साम्यवादी राजवट नव्हती. तिथे छापखाने खासगी होते, पूर्व युरोपात ते पक्षाच्या आणि सरकारच्या हातात. हा फरक मला मान्य आहे, आणि त्यामुळे हैदराबादचा निष्कर्ष वॉर्साला जसाच्या तसा लावता येत नाही. पण सरकारी जाच सगळ्यांना सारखा असूनही जे फरक उरतात, त्यांचं कारण सरकारात सापडणार नाही, एवढं इथून नक्की दिसतं.

मात्र संस्कृती म्हणजे सगळ्यांची एकच, असं धरलं तर मोठी चूक होते. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जळाल्या. निजामाशी झुंजलेला ‘मराठवाडा’ नामांतराच्या विरोधात उभा राहिला. मला हे त्या पत्राचं सर्वांत मोठं अपयश वाटतं, आणि त्याची मुळंही त्याच्या थोरवीच्या जागीच आहेत. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाने ज्यांना ‘आपण’ म्हणायला शिकवलं, त्यांच्याच कानांसाठी ते लिहिलं जात होतं. बाबासाहेबांनी १९५०मध्ये औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयातून, पुढच्या मिलिंदमधून, दुसरा वाचक तयार झाला होता. त्याने जुन्या पत्रात जागा मिळण्याची वाट पाहिली नाही. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ तिथूनच उभं राहिलं, आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे गावोगाव भरू लागले. लिहिणारे आणि वाचणारे एकाच मांडवात बसत.